माती धरून ठेवते

मंडळी, आज मी तुम्हाला मातीची एक गोष्ट सांगणार आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, माती आम्हाला काय शिकवता? आमचा जन्म मातीत गेला." खरे आहे. पण मातीचा एक गुण असा आहे की तो डोळ्यांना दिसत नाही. तो कळला तर पाणी शुद्ध करता येते. तो कळला नाही तर मोठा घात होतो. म्हणून ही गोष्ट नीट वाचा.

आजीचा प्रश्न

मी शाळेतून निवृत्त झालो. पुढे गावात रात्रीचा वर्ग चालवू लागलो. एके दिवशी वर्गात एक आजी म्हणाल्या, "गुरुजी, ओढ्याकाठच्या मळ्यात जुन्या बॅटऱ्या फोडत्यात. त्यातलं पाणी जमिनीवर सांडतंय. आमची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर. पाणी प्यावं का नाही?"

प्रश्न साधा नव्हता. मोटारीच्या बॅटरीत शिसे असते आणि गंधकाचे तेजाब असते. बॅटरी फोडली की तेजाब सांडते. त्याबरोबर शिशाची भुकटी बाहेर पडते. थोडे शिसे पाण्यात विरघळते.

एक शेतकरीदादा म्हणाले, "पाणी तर चांगलं नितळ दिसतंय. वास नाही, चव बदललेली नाही. उकळून प्यावं म्हणजे झालं."

मी म्हणालो, "दादा, इथेच आपली फसगत होते."

पाणी चांगले उकळले की रोगजंतू मरतात. म्हणून पटकी, हगवण यांच्या भीतीने पाणी उकळावे हे बरोबरच आहे. पण शिसे हा जंतू नाही. तो मरत नाही. उकळताना पाण्याची वाफ होऊन जाते आणि शिसे भांड्यातच राहते. म्हणजे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट थोडे वाढते. तुरटी फिरवली तर गाळ खाली बसतो. पण विरघळलेले शिसे निघेलच असा भरवसा नाही. विरघळलेली धातू फडक्याच्या गाळणीतूनही पार निघून जाते.

आणि शिसे फार थोडे असले तरी वाईट. आपल्या देशाच्या प्रमाणकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात शिसे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे. हा आकडा डोळ्यांपुढे येत नाही ना? मग असे समजा. दहा हजार लिटरचे दहा टँकर उभे केले. सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम शिसे टाकले. एवढे शिसे म्हणजे ती मर्यादा. त्याहून जास्त नको.

शिशाचा सर्वांत जास्त त्रास लहान मुलांना होतो. मुलाच्या मेंदूची वाढ होत असते. शिसे त्या वाढीला धक्का लावते. मूल अभ्यासात मागे पडते, चिडचिडे होते. आपण त्याला मठ्ठ म्हणतो, मारतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

दोन पेल्यांचा प्रयोग

दुसऱ्या रात्री मी वर्गात दोन काचेचे पेले नेले. दोन्हींत पाणी घेतले. एका पेल्यात जेन्शियन व्हायोलेटचे दोन थेंब टाकले. तोंड आले की दवाखान्यात लावतात ते जांभळे औषध. दुसऱ्या पेल्यात वह्या तपासायच्या लाल शाईचे दोन थेंब टाकले. एक पेला जांभळा झाला, दुसरा लाल.

मग शेतातली काळी माती घेतली. ती कोरडी, बारीक केलेली होती. प्रत्येक पेल्यात दोन चमचे माती टाकली. खूप वेळ ढवळले. पेले झाकून रात्रभर तसेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी सगळे पेल्यांभोवती गोळा झाले. जांभळ्या पेल्यातली माती खाली बसली होती. वरचे पाणी थोडे गढूळ होते, पण जांभळा रंग नाहीसा झाला होता. लाल पेल्यातले पाणी मात्र बहुतेक तसेच लाल होते.

आजी म्हणाल्या, "अगं बाई! जांभळा धरला आन् लाल सोडला?"

हाच आपल्या आजच्या धड्याचा गाभा आहे. माती काही पदार्थ धरते, काही सोडते. असे का होते ते आता पाहू. (हे पाणी पिण्यासाठी नव्हे. प्रयोग झाल्यावर ते फेकून द्यावे.)

मातीच्या पोटात काय आहे?

आपली काळी माती पावसात फुगते, चिकट होते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. हे कशामुळे? त्या मातीत एक विशेष प्रकारची चिकणमाती असते. तिचा कण पोथीसारखा असतो. अतिशय पातळ पाने एकावर एक रचलेली. पानांच्या मध्ये पाणी शिरले की पोथी फुगते. पाणी सुकले की पोथी मिटते. म्हणून जमीन फुगते आणि फाटते.

या चिकणमातीच्या मुख्य खनिजाला मॉन्टमोरिलोनाइट असे लांबलचक नाव आहे. फ्रान्स देशातील मॉन्टमोरिलाँ या गावावरून ते १८४७ साली पडले. बेंटोनाइट नावाच्या मातीत हे खनिज भरपूर असते. गुजरातेत कच्छ भागात आणि राजस्थानात बेंटोनाइटच्या खाणी आहेत.

ही पाने इतकी पातळ आणि इतकी जास्त असतात की ती सगळी उलगडून पसरली तर एक ग्रॅम मातीची पाने सुमारे सात गुंठे जागा व्यापतील! चिमूटभर माती आणि सात गुंठे! एवढ्या जागेवर किती पाहुणे बसतील, विचार करा.

आता पाहुणे कोण ते सांगतो. टॉर्चचा सेल तुम्ही पाहिला आहे. त्याच्या एका टोकाला अधिकची खूण असते, दुसऱ्या टोकाला उण्याची. विजेचे हे दोन प्रकार आहेत. अधिक आणि उणे एकमेकांना ओढतात. अधिक-अधिक किंवा उणे-उणे एकमेकांना दूर लोटतात.

मिठाचा खडा पाण्यात विरघळतो तेव्हा त्याचे फार बारीक कण सुटे होतात. काही कणांवर अधिकचा भार असतो, काहींवर उण्याचा. अशा भार असलेल्या कणाला आयन म्हणतात. विरघळलेले शिसे, तांबे, जस्त, कॅडमियम यांचे आयन बहुधा अधिक भाराचे असतात.

आणि चिकणमातीच्या पानांवर उणे भार असतो. म्हणून माती धातूचे आयन ओढून घेते. जांभळ्या औषधाच्या रंगावर अधिक भार आहे, म्हणून मातीने तो धरला. लाल शाईच्या रंगावर उणे भार आहे, म्हणून मातीने तो लोटून दिला.

पण मातीची जागा रिकामी नसते. तिथे चुना, सोडियम, मॅग्नेशियम यांचे आयन आधीच बसलेले असतात. शिसे आले की चुना उठतो आणि शिसे बसते. एस्टीत नंबर असलेला प्रवासी आला की दुसऱ्याला उठावे लागते ना, तसेच हे. याला आयनांची अदलाबदल म्हणतात.

ही अदलाबदल प्रथम शेतीतूनच कळली, हे ध्यानात ठेवा. इंग्लंडमध्ये थॉम्पसन नावाचे एक जमीनदार होते. खताचे सत्त्व पावसाने वाहून का जात नाही, असा प्रश्न त्यांना पडला. त्यांनी मातीवर अमोनियाच्या खताचे पाणी ओतले. खालून निघालेल्या पाण्यात अमोनिया नव्हता. त्याच्या जागी चुन्याचा क्षार आला होता. पुढे वे नावाच्या रसायनतज्ज्ञांनी दाखवून दिले की हे काम वाळूचे नसून चिकणमातीचे आहे. ही माहिती १८५० च्या सुमारास छापून आली. ज्या गुणामुळे माती खत धरते, त्याच गुणामुळे ती शिसेही धरते.

नुसत्या मातीत काय उणे आहे?

"मग गुरुजी, विहिरीत चार पाट्या काळी माती टाकली म्हंजे झालं की!" एकजण म्हणाला.

नाही. नुसत्या मातीच्या तीन अडचणी आहेत.

पहिली अडचण. ही माती पाण्यात फुटून चिखल होते. तिचे बारीक कण लवकर खाली बसत नाहीत. ज्या कणांनी शिसे धरले, तेच कण पाण्याबरोबर पोटात गेले तर काय उपयोग?

दुसरी अडचण. माती उणे भाराचे पदार्थ धरत नाही. लाल शाई आठवा. सगळ्याच धातू अधिक भाराच्या रूपात येत नाहीत. कातडी कमावण्याच्या धंद्यात क्रोमियम वापरतात. उत्तर प्रदेशात कानपूरजवळ जाजमऊ येथे असे पुष्कळ कारखाने आहेत. तेथील भागात जमिनीखालच्या पाण्यात क्रोमियम सापडले आहे. त्याचे जे रूप अतिशय विषारी आहे, ते पाण्यात उणे भाराचे असते. पश्चिम बंगालमध्ये हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचे विष, आढळले. तेही पाण्यात बहुधा उणे भाराचे किंवा बिनभाराचे असते. अशा विषांपुढे नुसती चिकणमाती कमी पडते.

तिसरी अडचण. मातीची पकड तेजाबापुढे ढिली पडते. पाणी आंबट झाले की मातीने धरलेली धातू पुन्हा सुटू लागते.

या अडचणींवर शास्त्रज्ञांनी तोड काढली. त्यांनी मातीला एक जोडीदार दिला.

मातीचा जोडीदार

कापसाचा तंतू, रबर, प्लॅस्टिक हे सगळे लांब साखळीचे पदार्थ आहेत. एकसारख्या लहान कड्या एकमेकींत गुंतून साखळी होते. अशा पदार्थाला पॉलिमर म्हणतात. मातीला असा योग्य पॉलिमर जोडला की तिचा गुण बदलतो.

यातला एक पॉलिमर कोळंबीच्या आणि खेकड्याच्या कवचातून मिळतो. कोकणातल्या मंडळींना हे कवच माहीत आहे. कोळंबी सोलली की ते उकिरड्यावर जाते. कारखान्यात ते कवच स्वच्छ करतात. तेजाबाने त्यातला चुना काढतात. मग कडक कॉस्टिक सोड्यात तापवतात. शेवटी जो पदार्थ राहतो त्याला कायटोसान म्हणतात. तो साध्या पाण्यात विरघळत नाही, पण व्हिनेगरसारख्या सौम्य आंबट पाण्यात विरघळतो. तेव्हा त्याच्या साखळीवर ठिकठिकाणी अधिक भार येतो.

आता माती भिजवून तिची पाने फुलवतात. तिच्यात कायटोसानचे पाणी हळूहळू घालून ढवळतात. अधिक भाराची साखळी उणे भाराच्या पानांना चिकटते. काही साखळ्या पानांच्या मध्येही शिरतात. मग हा लगदा धुतात आणि वाळवतात. त्याची भुकटी किंवा मणी करतात.

याने काय साधले?

एक, मातीचे सुटे कण साखळीने एकत्र बांधले गेले. गवंडी मातीत काड घालून तुडवतो ना? काडाने माती फुटत नाही. तसेच हे. आता माती पाण्यात सहज बसते, गाळता येते.

दोन, कायटोसानच्या साखळीवर धातूला पकडणाऱ्या जागा असतात. खेकडा नांगीने धरतो तशा त्या तांबे, शिसे, पारा यांना धरतात. म्हणजे थोडे मातीने धरले, थोडे साखळीने.

तीन, साखळीचा अधिक भार असल्यामुळे विषारी क्रोमियमसारखे उणे भाराचे आयनही ओढले जातात. म्हणजे लाल शाईचे काम झाले!

वापरण्याची रीत साधी आहे. हे मणी एका नळकांड्यात भरतात. वरून दूषित पाणी सोडतात, खालून चांगले पाणी घेतात. किंवा टाकीत भुकटी टाकून ढवळतात, बसू देतात आणि पाणी गाळून घेतात. काही वेळाने सगळ्या जागा भरतात. मग माती आणखी धातू धरत नाही. एस्टी भरली की कंडक्टर घंटी मारतो. पण माती घंटी मारत नाही! म्हणून बाहेर येणाऱ्या पाण्याची वरचेवर तपासणी करावी लागते. भरलेली माती आंबट पाण्याने धुतली तर धातू सुटते आणि माती पुन्हा काही वेळा वापरता येते. पण त्या धुण्यात सगळी धातू गोळा झालेली असते. ते धुणे ओढ्यात सोडायचे नसते.

म्हणून सांगतो, हे काम घरी करायचे नाही. कोणती धातू आहे, किती आहे, पाणी आंबट आहे की खारट, हे पाहूनच जोडीदार निवडावा लागतो. हे जाणत्या माणसांचे काम आहे. दुकानात कोणी "मातीचा जादूचा मणी" म्हणून विकू लागला तर आधी तपासणीचा कागद मागा.

जपानातली "आई गं"

आता मातीच्या गुणाची दुसरी बाजू सांगतो.

जपान देशात तोयामा भागात जिन्झू नावाची नदी आहे. नदीच्या वरच्या अंगाला जस्ताची खाण होती. खाणीचे पाणी नदीत जाई. त्यात कॅडमियम ही धातू होती. खालचे शेतकरी नदीचे पाणी भातशेतीला घेत. मातीने आपल्या स्वभावाप्रमाणे कॅडमियम धरून ठेवले. वर्षानुवर्षे ते साठत गेले. मातीतून ते भातात गेले, भातातून पोटात गेले.

लोकांची मूत्रपिंडे बिघडली. हाडे ठिसूळ झाली. विशेषतः उतारवयाच्या बायकांना फार सोसावे लागले. कूस बदलताना, खोकतानासुद्धा हाड मोडे. त्या ओरडत, "इताई! इताई!" म्हणजे "दुखतंय, दुखतंय!" आपल्याकडची बाई "आई गं, आई गं!" म्हणेल, तसेच. रोगाचे नावच "इताई-इताई" पडले. १९६८ साली जपान सरकारने मान्य केले की हा रोग खाणीतल्या कॅडमियममुळे झाला.

पुढे शेतातली माती सुधारण्याचे काम काढले. दूषित माती काढायची किंवा खोल पुरायची, आणि वर चांगली माती घालायची. हे काम तीस वर्षांहून जास्त चालले. ते २०१२ साली पुरे झाले.

बघा मंडळी. मातीने तिचे काम चोख केले. पण ते चुकीच्या जागी झाले. नळकांड्यातली माती भरली तर ती बदलता येते. शेतातली माती भरली तर तीन पिढ्यांना भोगावे लागते. म्हणून धातू धरायची ती कारखान्याच्या दारातच, ओढ्यात जाण्याआधी.

आमच्या विहिरीचे काय झाले?

आजींच्या प्रश्नाचे उत्तर राहिले.

आम्ही ग्रामपंचायतीत अर्ज केला. गावात पाण्याचे नमुने घेणारा जलसुरक्षक असतो. त्याने विहिरीच्या पाण्याचा नमुना घेतला. शिशाची तपासणी व्हावी असे आम्ही मुद्दाम लिहून दिले. नेहमीच्या तपासणीत प्रत्येक धातू पाहतातच असे नाही. मागितल्याशिवाय आई जेवायला वाढत नाही, मग सरकार कसे वाढेल?

अहवाल आला. विहिरीच्या पाण्यात शिसे मर्यादेच्या आत होते. मंडळींना आनंद झाला. एकाने पेढे वाटायची भाषा केली.

मी म्हणालो, "थांबा. मग सांडलेलं शिसं गेलं कुठं?"

वर्गात कोणी बोलेना. मग आजीच हळूच म्हणाल्या, "मातीनं धरलं असंल."

बरोबर. आम्ही त्या मळ्यातल्या मातीचाही नमुना तपासून घेतला. तिच्यात शिसे पुष्कळ निघाले. विहीर आजपर्यंत वाचली ती मातीमुळे. पण त्याच मातीत मुले गोट्या खेळत होती. शेळ्या तिथेच चरत होत्या. कोरडी धूळ उडून घरात जात होती. शिवाय तेजाब सांडतच राहिले असते तर मातीची पकड सुटून पुढे विहीरही नासली असती.

तो अहवाल घेऊन पंचायतीने काम बंद करवले. केंद्र सरकारचे २०२२ चे नियम आहेत. जुन्या बॅटऱ्यांचे काम नोंदणी झालेल्या कारखान्यानेच करायचे असते. मळ्याच्या त्या तुकड्याला कुंपण घातले. मुलांना तिकडे जाण्यास मनाई केली. जेवणाआधी हात धुण्याची सक्ती केली. विहिरीचे पाणी आता वरचेवर तपासतात.

मंडळी, एवढे चार बोल लक्षात ठेवा :

१. नितळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी नव्हे. धातू दिसत नाही.

२. उकळल्याने जंतू मरतात, धातू जात नाही.

३. शंका आली तर पाणी तपासून घ्या. कोणती धातू तपासायची ते लिहून द्या.

४. पाणी चांगले निघाले तरी मातीला विसरू नका.

आजींना पूर्वी सही येत नव्हती, अंगठा उठवत. पंचायतीच्या त्या अर्जावर पहिली सही त्यांची आहे.